नळावरचा नॅपकिन

३ मार्च, सोमवार

आज डिशवाला येऊन गेला आणि जाताना गच्चीवरून एक काळी वायर अशी लोंबकळत ठेवून गेला की तिच्यावर बसायची कावळ्यालाही लाज वाटावी. मी म्हटलं, "अहो, क्लिपा नाहीत, वळसा नाही, अर्थिंग नाही. हे काय काम झालं?" तर म्हणतो, "काका, चित्र दिसतंय ना?" म्हटलं, दिसतंय. "मग झालं की!" शिडी खांद्यावर टाकली आणि चालता झाला.

विजेच्या सामानाच्या गोदामात माझी उभी हयात गेली. कुठली तार कशाला लागते हे मला झोपेतून उठवून विचारा. मला म्हणे चित्र दिसतंय ना! संध्याकाळभर बायकोला हेच सांगत होतो. शेवटी ती म्हणाली, "अहो, किती वेळा तेच? कुठेतरी लिहून ठेवा." म्हणून ही डायरी. गेल्या वर्षीची आहे, कोरीच राहिली होती. वार खोडून नवे घालतोय.

डिश बाल्कनीतून गच्चीवर न्यावी लागली, कारण समोर नवी इमारत उठली आणि बाल्कनीतून आकाश दिसेनासं झालं. बायकोच्या मालिकेत ऐन मोक्याला चौकोन चौकोन यायचे. घरात सुतक असल्यासारखं वातावरण.

दुपारच्या बसने माऊ आली. माऊ म्हणजे आमची मुलगी. एक बॅग, एक पिशवी आणि काखेत स्वतःची उशी. उशी कशाला गं, म्हटलं, आपल्याकडे काय उशांचा दुष्काळ आहे? तर म्हणाली, "दुसऱ्या उशीवर झोप नाही येत, बाबा." पंधरा दिवस राहीन म्हणते. जावई कामात आहेत.

५ मार्च, बुधवार

माऊला सामानाच्या खोलीत झोपायला दिलंय. तिचं लग्न झाल्यावर मी ती खोली ताब्यात घेतली. स्क्रू, खिळे, जुने होल्डर, बटणं, सगळं डब्यांत लावून ठेवलंय, डब्यावर चिठ्ठ्या आहेत. बायकोचं टुमणं, "डबे हलवा की, पोरीला पाय पसरायला जागा नाही." मी म्हटलं, पंधरा दिवसांसाठी माझी खोली उसकटायची? खाटेपुरती जागा केली आहे. पुरे.

वायरला क्लिपा मारल्या. माऊने शिडी धरली. घरात शिरायच्या आधी वायरला खाली झोळ द्यायचा असतो, म्हणजे आधी भोकाच्या खाली उतरवायची आणि मग वर न्यायची. पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, आत येत नाही. मी हे समजावत असताना माऊने विचारलं, "आणि झोळ नसला तर?"

"तर पाणी वायरला धरून सरळ भिंतीत. आणि मग लोक म्हणतात, वायर खराब."

"वायर खराब म्हणतात," ती म्हणाली आणि हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. पण शिडी छान धरते. लहानपणापासून तिलाच ते जमतं.

६ मार्च, गुरुवार

अर्थिंग केली. डिशच्या लोखंडी पायाला हिरवी तार बांधली आणि दुसरं टोक गच्चीवरच्या पाण्याच्या पाइपला पक्कं आवळलं. पाइप लोखंडी, गच्चीतून बाथरूममध्ये उतरतो, तिथून जमिनीत. जमिनीत गेलेल्या लोखंडासारखी अर्थिंग राजाच्या घरीही नसेल. पाइपचा रंग खरवडून धातू उघडा केला, मगच तार बांधली. हे असलं कोण करतं हल्ली?

बायको खालून काहीतरी ओरडत होती, पाइपाबद्दलच असावं. मी शिडीवर होतो. म्हटलं नंतर बोल. नंतर ती काही बोलली नाही.

९ मार्च, रविवार

घरात दोन पार्ट्या झाल्यात. बायकोला तिची मालिका, माऊला बातम्या. बायको म्हणाली, "माऊच्या खोलीत एक कनेक्शन घ्या." आधी सांगतो, ती खोली सामानाची आहे. दुसरं म्हणजे, तिथे वायर न्यायची तर भिंतीला भोक पाडावं लागेल. पंधरा दिवसांच्या पाहुणीसाठी भिंत फोडतात का कोणी?

"पाहुणी?" बायको म्हणाली.

शब्दाला शब्द नको म्हणून मधला मार्ग काढला. जुना छोटा टीव्ही होता, दुसरा सेट-टॉप बॉक्स आणला, आणि डिशपासून वायर खिडकीतून आत घेतली. खिडकी तेवढी पूर्ण लागत नाही, बोटभर फट राहते. फटीत जुनं फडकं कोंबलं. काम भागतंय.

जावयांचा फोन आला. मला हा माणूस आवडतो. बोलणं मोजून-मापून, आवाज कधी चढायचा नाही. म्हणाले, "बाबा, राहू दे तिला थोडे दिवस. ती जरा हळवी आहे. तिला छोट्या छोट्या गोष्टी फार लागतात. मी मनावर घेत नाही." केवढा समजूतदारपणा! आमच्या पिढीत बायको अशी न विचारता निघून गेली असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

माऊला म्हटलं, जावयांचा फोन होता. ती "हं" म्हणाली आणि बातम्यांचा आवाज बंद करून नुसतं चित्र बघत बसली.

११ मार्च, मंगळवार

सकाळी टाकी भरून वाहिली. पाणी वायरला धरून खिडकीतून आत आलं आणि माऊच्या उशीवर. तीच ती उशी. मी म्हटलं, झोळ द्यायचा राहिला. माऊ म्हणाली, "असू दे बाबा, वाळेल." गच्चीवर उन्हात टाकली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

दुसरं एक. बाथरूमच्या नळावर कोणीतरी नॅपकिन गुंडाळून ठेवतं. मी काढून दांडीवर टाकला. दांडी कशाला बसवलीय?

१२ मार्च, बुधवार

माऊ सकाळीच आवरून गेली. तिच्या ऑफिसची इथेही शाखा आहे, साहेबांना भेटायचंय म्हणाली. सुट्टीतही काम! माझ्यावर गेली आहे.

नळावर परत नॅपकिन.

१४ मार्च, शुक्रवार

आज माऊ बाथरूममधून ओरडतच बाहेर आली. "बाबा, नळाला करंट येतोय."

मी ताबडतोब गेलो. अशा बाबतीत मी हयगय करत नाही. नळ धरला. काही नाही. सोडला, परत धरला. काही नाही. टेस्टर आणून लावला. दिवा लागला नाही. म्हटलं, "ये, बघ. काही नाहीये."

"आहे, बाबा. झिणझिण्या येतात. रोज येतात. मी आज सांगितलं एवढंच."

"अगं, मी हातात धरून उभा आहे की! तुला भास होतोय."

मग मी समजुतीच्या सुरात म्हटलं, "तुला छोट्या छोट्या गोष्टी फार लागतात, माऊ."

तिचा चेहराच बदलला. म्हणाली, "हे वाक्य तुमचं नाही, बाबा." आणि गेली.

माझं नाही तर कोणाचं? मीच तर बोललो. जेवताना कोणी बोललं नाही. भाजीत मीठ नव्हतं, तेही मी बोललो नाही.

१५ मार्च, शनिवार

पंधरा दिवस होत आले, आणि जायचं नाव नाही. मीच जावयांना फोन केला. म्हटलं, पुढच्या रविवारी, तेवीसला या आणि घेऊन जा. म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, बाबा. मला वाटलंच होतं, तुम्ही तिला समजावाल." बरं वाटलं.

बायकोला सांगितलं. तिने भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी. त्या आवाजात मला बातम्या ऐकू येईनात.

१७ मार्च, सोमवार

चहाच्या वेळी मीच विषय काढला. म्हटलं, "रविवारी जावई येतायत. काही भांडण असेल तर सांग, मी बोलतो त्यांच्याशी."

माऊ म्हणाली, भांडण नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "मला ऑफिसमधून यायला उशीर झाला की तो दाराला आतून कडी लावून घेतो."

"मग बेल वाजवायची."

"वाजवते."

"झोप लागली असेल त्यांना. दमून येतो माणूस. हाताला सवय असते, कडी आपोआप लागते. मीही लावतो."

"संध्याकाळी साडेसातला?"

माणसाला संध्याकाळी डुलकी लागू शकते. मला लागते. मी तसं म्हटलं. माऊने दोन्ही हातांत कप धरला होता, ती कपातच बघत म्हणाली, "हो बाबा. लागू शकते."

एवढ्यासाठी उशी घेऊन घर सोडायचं म्हणजे अती झालं. असं मला वाटलं ते लिहून ठेवतो. बायको तेव्हा ओट्याशी पाठमोरी उभी होती.

१९ मार्च, बुधवार

नॅपकिन. या घरात माझं ऐकायचं नाही असं ठरलंय. सरळ धुवायला टाकला. अंघोळीला गेलो तर दुसरा, निळ्या चौकड्यांचा.

२१ मार्च, शुक्रवार

आजचं नीट लिहायला हवं.

मी चार वर्षांपूर्वी बाथरूममध्ये घसरलो, तेव्हापासून आत रबरी स्लीपर घालूनच जातो. बिनस्लीपरचा पाय मी तिथे ठेवतच नाही. आज सकाळी बघतो तर स्लीपर जागेवर नाहीत. हाक मारली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "धुवून गच्चीवर टाकल्यात, बुळबुळीत झाल्या होत्या." विचारायचं नाही, सांगायचं नाही! आणि नेमका आज नळावर नॅपकिनही नव्हता. चला, एक तरी गोष्ट माझ्या मनासारखी झाली म्हणत भिंतीला धरून आत गेलो, ओल्या फरशीवर उभा राहिलो आणि नळ धरला.

झटका नव्हे. झटका बसला असता तर मी ओरडलो असतो आणि सगळ्यांना कळलं असतं. बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्या धावल्या, बारीक, कुरतडल्यासारख्या. हात काढला. वाटलं, भास. परत धरला. परत तेच. तिसऱ्यांदा धरायचा धीर झाला नाही.

टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. टेस्टर आणला आणि तसाच अनवाणी उभा राहून नळाला लावला. आतला दिवा लागला. मंद, पण लागला. त्या दिवशी स्लीपर घालून लावला होता. रबरावर उभं राहिलं तर टेस्टरचा दिवा काय डोंबल लागणार! हे तर गोदामातल्या नव्या पोऱ्यालाही मी पहिल्या दिवशी सांगायचो.

दोन्ही बॉक्सचे प्लग काढले. टेस्टरचा दिवा गेला. लावले. आला. म्हणजे बॉक्समधून वायरच्या आतल्या धातूच्या जाळीत, जाळीतून डिशला, डिशवरून माझ्या त्या हिरव्या तारेतून पाइपात, आणि पाइपातून नळात. करंट थोडा, पण रोजचा. पण पाइप तर जमिनीत गेलाय, मग तो जमिनीत का उतरत नाही?

बाहेरून पाइपच्या बाजूने खाली चाचपत गेलो. बाथरूमच्या कोपऱ्याशी लोखंड संपतं. तिथून खाली पांढरं प्लास्टिक. माऊच्या लग्नाआधी पाहुणे येणार म्हणून गळका पाइप बदलला होता, प्लंबरला मीच उभा राहून सांगितलं होतं की वरचं राहू दे, खालचं बदल. वरून बघावं तर सगळं लोखंड. माझी अर्थिंग भिंतीतल्या एका कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबली होती आणि तिथे नळ धरून रोज माझी मुलगी उभी राहत होती.

स्वयंपाकघरात गेलो. बायको कणिक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "लागला का?"

"तुला लागायचा?"

"रोज."

"म्हणून ते नॅपकिन?"

"मग काय हौस म्हणून?"

"अगं, मग बोलायचं नाही?"

तेव्हा तिने वर बघितलं. "माऊ बोलली होती की. तिचं काय झालं ते बघितलं ना मी."

मी खुर्चीवर बसलो. बायकोने चहा पुढे ठेवला, तो गार झाला.

मग सामानाच्या खोलीत गेलो. माऊ खाटेवर बसून कपडे बॅगेत भरत होती. रविवारची तयारी. मी म्हटलं, "माऊ, नळाला करंट आहे."

"माहितीये."

"ते कडीचं परत सांग."

ती घडी घालत राहिली. मी दारातच उभा होतो, अजून अनवाणी. म्हटलं, "मी मध्ये बोलणार नाही."

मग ती बोलली. किल्ली त्याने तिला कधी दिलीच नाही, हरवशील म्हणाला. उशीर झाला की कडी. ती बेल वाजवते. आत टीव्ही चालू असतो, दाराबाहेर ऐकू येतो. बेल वाजवली की तो आवाज वाढवतो. परत वाजवली की आणखी वाढवतो. मग ती जिन्यात बसते. शेजारचे येता-जाता विचारतात तेव्हा सांगते, मैत्रीण यायचीय, तिची वाट बघतेय. त्याचा कार्यक्रम संपला की दार उघडतं, आणि तो हसून म्हणतो, अगं, बेल वाजवायची ना. एकदा तिने विचारलं, का करतोस असं? तर म्हणाला, तुला भास होतात, डॉक्टरला दाखवू या.

"मी आईला सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्हालाही फोनवर सांगितलं होतं, बाबा. तुम्ही म्हणालात, बेल बिघडली असेल, बदलून घ्या. नवी बेल पाठवलीत."

पाठवली होती. दोन सुरांची.

मला रडू आलं. ते डायरीत लिहायला मला काही वाटत नाही, तिच्यासमोर मात्र मी गच्चीवर काम आहे म्हणून निघून आलो. तिथे माझ्या स्लीपर वाळत पडल्या होत्या. त्यांच्याशेजारीच बसलो. राग आधी त्याचा आला, मग स्वतःचा, आणि दुसरा काही जाईना.

२२ मार्च, शनिवार

सकाळीच हिरवी तार पाइपवरून सोडली. घराची मूळ अर्थिंग मीटरखाली आहे, जमिनीत पुरलेली सळई. सगळ्या घराची जी जमीन तीच डिशची पाहिजे, वेगळी चूल नको. आता गच्चीवरून भिंतीने खाली, सरळ त्या सळईपर्यंत तार नेली. जुन्या वायरवर घरात शिरण्याच्या जागी पितळी जोड बसवला आणि तोही तारेला जोडला. माऊने शिडी धरली. नंतर तिघांनीही आळीपाळीने अनवाणी जाऊन नळ धरून बघितला, देवदर्शनाला गेल्यासारखं. काही नाही. बायको म्हणाली, "आता खरंच काही नाही."

माऊला विचारलं, "उद्याचं काय? फोन करून नको येऊ म्हणून सांगू?"

ती विचार करून म्हणाली, "येऊ दे. तुम्ही घरी असाल ना?"

"जाणार कुठे? भिंतीला भोक पाडायचंय मला."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने एक डबा उचलला आणि विचारलं, हा कुठे ठेवू? दुपारभर डबे हलवले. कॉटखाली, कपाटावर, निम्मे बाल्कनीत. निम्म्या डब्यांत काय आहे ते मलाच माहीत नव्हतं, चिठ्ठ्या भलत्याच निघाल्या. बायको हसून हसून बेजार. खोली केवढी मोठी आहे हे मी विसरलोच होतो.

साहेबांना का भेटली होती तेही आज माऊने सांगितलं. इथल्या शाखेत बदली मागितली होती. मिळाली. सोमवारपासून हजर व्हायचंय. बायकोला आधीच माहीत होतं. या घरात सगळ्यात शेवटी मला कळतं, आणि ते का, हे आता विचारायची सोय राहिली नाही.

२३ मार्च, रविवार

माऊचा नवरा अकराला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. मी स्टुलावर उभा राहून ड्रिल मशीनने तिच्या खोलीच्या भिंतीला भोक पाडत होतो, डोक्यापासून पायापर्यंत चुना. त्याने दोनदा "बाबा" म्हटलं असावं. मशीन थांबवलं तेव्हा तिसरं ऐकू आलं.

"हे काय काढलंत?"

"माऊच्या खोलीत कनेक्शन घेतोय. खिडकीतून होतं, ते बरोबर नव्हतं."

तो हसला. "आज तर ती निघणार. एका दिवसासाठी भिंत कशाला फोडताय?"

"एका दिवसासाठी नाही."

माऊ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, मागे तिची आई. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि तोच तो शांत, मऊ आवाज काढून मला म्हणाला, "बाबा, तिने काहीबाही सांगितलं असेल. तुम्हाला माहितीये ती कशी आहे. तिला छोट्या छोट्या गोष्टी लागतात."

"लागतात," मी म्हटलं. "मलाही लागलं. स्लीपर काढल्या की लागतं."

त्याने माझ्या पायांकडे बघितलं. त्याला काही कळलं नसणार. मी पुढे काय म्हणणार होतो ते रात्रीपासून पाठ केलं होतं, चांगलं खणखणीत भाषण होतं, पण ऐनवेळी त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. तोवर माऊच म्हणाली, "मी येणार नाही. माझी कागदपत्रं आणि पुस्तकं घ्यायला येईन, तेव्हा आईबाबा बरोबर असतील. येण्याआधी कळवेन. कडी काढून ठेव."

तिने सगळी वाक्यं पुरी केली.

त्याचा चेहरा तेव्हा मी पहिल्यांदा बघितला. म्हणजे एवढी वर्षं बघत होतो, पण चेहऱ्यावरची ती इस्त्री गेल्यावर खाली काय आहे ते. लगेच परत ठीकठाक केला. म्हणाला, "विचार करून सांग, मी मनावर घेत नाही." मी म्हटलं, "घ्या. यावेळी मनावर घ्या." बायकोने त्याला चहा विचारला नाही. आमच्या घरातून चहा न घेता गेलेला हा पहिला माणूस. डिशवाल्यालाही दिला होता.

तो गेल्यावर माऊ जिथे होती तिथेच जमिनीवर बसली. तिची आई तिच्याशेजारी बसली. मला तिथे काय करावं कळेना, म्हणून मशीन चालू केलं. मग वाटलं, आवाज फार होतोय, आणि बंद करून मीही खाली बसलो.

दुपारी काम पुरं केलं. भोक बाहेरच्या अंगाला उतरतं ठेवलं, म्हणजे पाणी आत यायचा प्रश्न नाही. बाहेर झोळ दिला, जोड बसवला, हिरव्या तारेला बांधला, भोकात सिलिकॉन भरलं. फटीतलं फडकं काढून खिडकी ओढली. खटकन बंद झाली.

सामान आवरताना स्क्रू ड्रायव्हर हातात होताच. पुढच्या दाराशी गेलो आणि आतली कडी काढून टाकली. चार स्क्रू. गंजले होते, एकाने फार त्रास दिला. बायको म्हणाली, "अहो, चोर येतील ना!" म्हटलं, कुलूप आहे ते पुरे. कडी डब्यात टाकली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून एक जादा किल्ली करून आणली. माऊला दिली. तिने ती लगेच पर्समध्ये ठेवली नाही, हातातच घेऊन जेवायला बसली.

२४ मार्च, सोमवार

माऊ कामावर गेली. पहिलाच दिवस, उशीर होईल म्हणाली होती.

संध्याकाळी बायकोची मालिका लागली. चित्र स्वच्छ, एक चौकोन नाही. साडेसात झाले. मी रिमोट घेतला आणि आवाज पार बंद केला.

"अहो! आत्ता ती खरं सांगणार होती!"

"थांब जरा."

ती चिडून माझ्याकडे बघायला लागली, मग दाराकडे, आणि मग तीही गप्प बसली. पडद्यावर लोक तोंडं हलवत होते. जिन्यात पावलं वाजली, वरच्या मजल्यावर गेली, दुसऱ्या कोणाची तरी होती. आम्ही बसून राहिलो. पुन्हा पावलं वाजली, दाराशी थांबली. कुलपात किल्ली फिरली.

मी उठलो नाही. माऊ आत आली, चप्पल काढली, म्हणाली, "हे काय, टीव्ही बिघडला?"

"नाही गं," मी म्हटलं आणि आवाज वाढवला.